पट्टी पांढरी होईपर्यंत

जखमेवरची जुनी पट्टी सुटली की बाई आधी जखमेकडे पाहायच्या नाहीत. पट्टी चिमट्यात धरायच्या, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढायच्या आणि पट्टी नाकाशी नेऊन डोळे मिटायच्या. अत्तराचा फाया हुंगावा तशा. मग डोळे उघडून म्हणायच्या, "डोळ्याला फसवता येतं, नाकाला न्हाई." खुर्चीत पाय पसरून बसलेला पेशंट जीव मुठीत धरून त्यांच्या नाकाकडे बघत असे. नाकपुड्या फेंदारल्या की काहीतरी बिनसलंय. भुवया सैल पडल्या की सुधारणा आहे.

तुमच्याही पाहण्यात असे डॉक्टर असतील, ज्यांच्या पदव्या कुणाला सांगता येत नाहीत पण लकब सगळ्या तालुक्याला पाठ असते. या बाई पाटोद्याच्या. सर्जन होत्या, मोठ्या शहरात शिकल्या होत्या, तिथे बरीच वर्षं मोठमोठी ऑपरेशनंही केली होती. मग भावाच्या आग्रहानं गावाकडे आल्या आणि पुढचं आयुष्य त्यांनी जखमांना दिलं. न भरणाऱ्या जखमांना. साखरेच्या पेशंटचे पाय, चुलीवर भाजलेले हात, कोयता लागलेल्या पोटऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठी. ज्या जखमेपुढे घरची माणसं नाक धरत, तिथे या नाक पुढे करत.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. बीड जिल्हा माझ्याकडे. मांजरसुंब्याला बसमधून उतरायचं, ढाब्यावर चहा घ्यायचा, मग पाटोद्याची गाडी पकडायची, असा माझा क्रम. त्या पहिल्या खेपेला मी टाय घालून बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गंभीरपणे विचारलं, "गळ्याला काय झालंय?"

मी चाचरत म्हणालो, "काही नाही मॅडम."

"मग बांधून कावून ठेवलंय? सोडा. हवा लागू द्या."

टाय सोडला, तो त्या दवाखान्यात पुन्हा कधी घातला नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बॅगवाले' झालो. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, अखेरपर्यंत कळलं नाही.

दवाखाना तळमजल्यावर होता आणि त्याला एकही पायरी नव्हती. मूळच्या पायऱ्या फोडून त्यांनी उतार करून घेतला होता. "पायाच्या पेशंटला पायऱ्या चढायला लावणारा डॉक्टर म्हंजे आंधळ्याला पाटी वाचायला लावणारा," असं त्या म्हणायच्या. आणखी एक सवय होती. पाय बघण्याआधी चप्पल मागायच्या. चपलेत, बुटात थेट हात घालून तळवा चाचपायच्या. साखरेनं पायांची जाणीव गेलेली असते. आत खिळा टोचतोय हे माणसाला कळतच नाही.

एकदा पंचक्रोशीतले एक पुढारी आले. मागे चार-सहा गाड्या, पांढरे कपडे, पायात नवे चकचकीत बूट. बाईंनी सगळ्या लवाजम्यादेखत बुटात हात घातला आणि आतून एक अख्खी सुपारी काढली. पुढारी दिवसभर कुणाच्यातरी मिरवणुकीत त्या सुपारीवर चालले होते. तळपायाला भोक पडायच्या बेतात होतं.

बाईंनी सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. "साहेब, तुमच्याच पायानं तुमची सुपारी घेतलीय. सांभाळा."

पुढारी मोठ्यानं हसले. मग हळूहळू हसू उतरलं आणि एखाद्या विद्यार्थ्यासारखे गप्प बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लवाजमा तोवर बाहेर उन्हात उभा.

अशा बाईंकडे मी ती तपकिरी पट्टी घेऊन गेलो होतो. आमच्या कंपनीची नवी पट्टी. तिच्यात आयोडीन भरलेलं होतं, पण साध्या आयोडीनसारखं एकदम बाहेर पडणारं नाही. जखमेतलं पाणी पट्टीत शिरायचं, पट्टी फुगायची आणि तसतसं औषध थोडं थोडं करून जखमेत उतरायचं. औषध होतं तोवर पट्टी तपकिरी. औषध संपलं की ती फिकट होत होत पांढरी पडायची. मी पाठ केलेलं सगळं धाडधाड म्हणून दाखवलं.

बाई म्हणाल्या, "कागदावर समदंच हळूहळू सुटतं. पुढच्या फेरीला या."

पुढच्या फेरीला गेलो तर खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलच्या वाट्या मांडलेल्या. एकीत कोमट मिठाचं पाणी आणि साधं आयोडीन लावलेला कापसाचा बोळा, दुसरीत तसल्याच पाण्यात आमच्या पट्टीचा तुकडा, तिसरीत पट्टी नुसत्या ओल्या फडक्यावर ठेवलेली. त्या रोज येता-जाता बघत होत्या. पहिल्या वाटीतलं पाणी बोळा बुडवताच तपकिरी होऊन गेलं होतं म्हणे. दुसरीतली पट्टी सावकाश फिकट झाली. तिसरी, ओल कमी म्हणून, अजून निम्मी तपकिरीच होती.

त्यांचा चेहरा उजळला होता. एवढ्या वर्षांच्या सर्जन, पण एखादी पोर नवं खेळणं उलगडून दाखवते तशा मला दाखवत होत्या. "बघा बॅगवाले. जखम जेवढं पाणी सोडंल तेवढंच ही औषध सोडती. मागंल तेवढं द्यायचं, न मागता ओतायचं न्हाई. ही ठिबक हाय, ठिबक!"

मी कंपनीच्या बैठकांमध्ये इतकी वर्षं बसलो होतो, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. पुढे त्या प्रत्येक पेशंटला असंच समजवायच्या. "मलम म्हंजे पाटाचं पाणी. येतं धो धो अन् जातं वाहून. ही पट्टी म्हंजे ठिबक. मुळाशी थेंब थेंब." आमच्या भागात ठिबक कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पेशंट मान डोलवायचा आणि आपल्या पायाकडे जरा आदरानं बघायचा.

पण त्या पट्टीच्या प्रेमात आंधळ्या झाल्या नव्हत्या. गळ्याच्या ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा आजार असलेल्यांना, गरोदर बायकांना त्या ती लावत नसत. त्यांच्यासाठी दुसऱ्या पट्ट्या होत्या. आणि कुणी "ही पट्टी लावली की बरं होतं ना?" विचारलं की फटकारायच्या, "पट्टी बरं करत न्हाई. तुमी बरं होता. पट्टी नुसती राखण करती."

मग कोरोनाची साथ आली. बाई स्वतः आजारी पडल्या, बऱ्याही झाल्या. रस्ते खुले झाल्यावर मी पाटोद्याला गेलो तेव्हा दवाखाना भरलेला होता आणि सगळं पूर्वीसारखं दिसत होतं. बाईंनी एका म्हाताऱ्याची पट्टी सोडली, चिमट्यात धरली, मास्क खाली ओढला, डोळे मिटले. डोळे मिटलेलेच राहिले. त्यांनी पुन्हा हुंगलं. मग पट्टी ट्रेमध्ये ठेवून दिली.

दुपारी पेशंट पांगल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर स्पिरिटची बाटली उघडी होती. ती नाकाला लावून त्या म्हणाल्या, "पाणी. नुसतं पाणी." मग म्हणाल्या, "काल चुलीवरचं पिठलं करपून कोळसा झालं, शेजारीण पळत आली. मी तिथंच बसलेले."

"येईल मॅडम हळूहळू. बऱ्याच जणांचा वास परत आला."

"माझा न्हाई यायचा." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "बॅगवाले, आता मी अर्धीच डॉक्टर ऱ्हायले."

मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. बसमध्ये बसलो तरी ते वाक्य कानात होतं. वाटलं, आता या हळूहळू दवाखाना बंद करतील. वयही झालंच होतं.

पुढच्या खेपेला पाहतो तर आतून आरडाओरडा ऐकू येतोय. एका सुनेनं नाकाला पदर लावला होता आणि बाई तिला दटावत होत्या, "पदर काढ. तुज्या सासऱ्याचा पाय हाय, गटार न्हाई. माजं नाक गेलंय. तुजं नाक उसनं दे घटकाभर."

त्यांनी ते लपवलं नव्हतं. दुसऱ्या एखाद्यानं झाकून ठेवलं असतं, पेशंट तुटतील म्हणून. यांनी साऱ्या पाटोद्याला सांगून टाकलं आणि प्रत्येक पेशंटच्या घरातलं एक नाक कामाला लावलं. त्या नाकांना शिकवायच्या कशा, तर स्वयंपाकघरातल्या शब्दांत. "आंबलेल्या पिठागत येतोय का? न्हाई? मग गंजल्या लोखंडागत? उंदीर मेल्यागत? का पिकून पिचकलेल्या सीताफळागत, गोड गोड? गोड आला तर लगीच सांगायचं. गोड वास लई वाईट." पट्टी हुंगून सून म्हणायची, "गंजल्यावानी." बाई म्हणायच्या, "शाबास. म्हंजे रक्त हाय, जीव हाय." आणि ज्या सुनेनं इतके दिवस सासऱ्याच्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं ती रोज त्या पायाशी बसू लागायची. हा फायदा बाईंनी आधी हेरला होता की नंतर, मला माहीत नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नाक लावलं की माणूस जवळ जातोच. लांबून कुणाला वास घेता येतो का?"

त्याच दिवसांत एक मेंढपाळ आला. पाटोद्याच्या वरच्या डोंगराकडचा. वाळलेल्या बाभळीसारखा उंच, डोक्याला लाल पटका, उजव्या पायाच्या बोटांखाली खोल जखम. शहरातल्या कुठल्याशा दवाखान्यात त्याला पाय गुडघ्याखाली कापावा लागेल असं सांगितलं होतं. तो खुर्चीत बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "पाय कापायचा आसंल तर तसं सांगा ताई. म्या निघतो."

बाई त्याला 'मामा' म्हणाल्या आणि बरोबर आलेल्या त्याच्या बायकोला 'मामी'. दोघांना बसवलं. पायावर बोटं ठेवून नाडी शोधली. बराच वेळ शोधली. मग म्हणाल्या, "रक्त हाय पायात. मामा, पाय राखता येतोय का बघू. पर तुमाला माजं ऐकावं लागंल. साखरेच्या गोळ्या चुकवायच्या न्हाईत. अन् चालायचं न्हाई."

"चालायचं न्हाई?" मामा हसला. "मेंढरं काय घरी येत्यात चरायला?"

दिवाळीनंतर त्यांचा कळप सिरसाळ्याकडच्या काळ्या रानात जायचा. तिकडचे शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात. आज या रानात, परवा त्या रानात. रोज दवाखान्यात येणं शक्यच नव्हतं. आणि रोज ड्रेसिंग झालं नाही तर ती जखम पाय घेऊनच जाणार होती.

बाईंनी कपाटातून तपकिरी पट्टी काढली. मामीला जवळ बोलावलं आणि जखम कशी धुवायची, पट्टी कशी बसवायची, वर कापूस कसा बांधायचा हे तिच्याच हातानं करून घेतलं. "मामी, तपकिरी हाय तोवर हिच्यात औषध हाय. रोज सोडायची न्हाई. वरचा कापूस उचलून रंग बघायचा. पांढरी पडली की काढून दुसरी."

मामीनं विचारलं, "पांढरी म्हंजे दुधावानी का ताकावानी?"

बाई खूश झाल्या. "ताकावानी. बरूबर इचारलंस." मग तिला त्यांनी वास शिकवले.

राहिला चालण्याचा प्रश्न. बिऱ्हाडाचं सामान वाहायला कळपाबरोबर एक तट्टू होतं. बाई म्हणाल्या, "तट्टावर बसा."

मामाला हा अपमान वाटला. "तट्टावर ओझं आसतंय ताई. मानूस बसतंय ते निस्तं नवरदेव."

मामी तोंडाला पदर लावून म्हणाली, "मंग व्हा की परत नवरदेव."

मामा तट्टावर बसला. मला हे खात्रीनं सांगता येतं, कारण सिरसाळा माझ्याच फेरीत होतं आणि पट्ट्या पोचवायचं काम बाईंनी माझ्या गळ्यात घातलं होतं. मेंढरांच्या मागून लाल पटक्याचा तो उंच म्हातारा, एक पाय पांढऱ्या कापसात गुंडाळून लोंबकळत सोडलेला, तोंड वाकडं करून तट्टावर बसून यायचा आणि रस्त्यावरची माणसं खरोखर "काय मामा, वरात कुठं?" म्हणून विचारायची. पण जखम भरत होती. कड आत सरकत होती. मामीचा हात बसला होता. बाईंना मी फोटो दाखवायचो, त्या चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्याजवळ धरायच्या आणि म्हणायच्या, "मामी पास."

एके दिवशी सकाळी मी बाईंच्या दवाखान्यात असतानाच मामीचा फोन आला. बाईंच्या हातात हातमोजे, म्हणून मी फोनचा आवाज मोठा करून त्यांच्यासमोर धरला.

"ताई, पट्टी आजून तपकिरीच हाय," मामी म्हणाली. "पर वास येतोय."

"कसला?"

"सीताफळाचा. पिचकलेल्या."

बाईंचे हात थांबले. "मामी, जवळ कुठं सीताफळ हाय का रानात?"

"ह्या काळ्या रानात कुठलं सीताफळ? समदी जवारी हाय."

"मामाला ताप?"

"न्हाई म्हंत्यात. पर सकाळपून कांबळं सोडंना गेल्यात. उनात बसल्यात कांबळं घिऊन."

बाईंनी हातमोजे काढले. बाहेर बसलेल्या पेशंटना सांगितलं की सिरसाळ्याला जावं लागतंय, ज्यांना उद्या चालेल त्यांनी उद्या या, ज्यांना चालणार नाही त्यांना आत्ता पाहून जाते. बाकावर पंधरा-वीस माणसं होती. एकानंही आत्ता म्हटलं नाही.

त्यांची जुनी गाडी मी चालवली. मांजरसुंबा मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "पट्टी तपकिरी म्हंजे तिला पाणी पोचलंच न्हाई. पू वर न येता आत शिरला. ठिबक बरूबर चालू हाय, पर मुळाखाली बिळ पडलंय. रंगानं हे कधीच सांगितलं नसतं." थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "बरं झालं, नाक उसनं घेतलं."

रानात पोचलो. जाळीच्या कुंपणात मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल, आणि भर उन्हात कांबळं पांघरून मामा. दात वाजत होते, पण ऐट तीच. "हिला लई घाई ताई. दोन दिसांत ह्ये रान सोडायचंय. मंग येतो की दवाखान्यात."

बाई त्याच्या पायाशी मातीत बसल्या. पाय लाल झाला होता, तळव्यावर दाबलं की कडेनं पू येत होता. मलाही आता तो वास आला. गोड. बाईंना येत नव्हता, पण त्यांनी एकदा मामीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मामा, मी तुमाला इचारायला न्हाई आले. न्यायला आलेय."

मामा मेंढरांकडे बघू लागला. तेव्हा मामी म्हणाली, "मेंढरं म्या बगते. तुमी जावा." तिनं भाकरी फडक्यात बांधली, तंबाखूची चंची त्याच्या खिशात घातली, परत काढून घेतली, आणि मला त्याच्या काखेत हात घालायला लावून गाडीपर्यंत आणलं. ती स्वतः बरोबर येऊ शकत नव्हती. कळप कुणावर सोडणार?

गाडीचं दार लावल्यावर तिनं बाईंना जरा बाजूला घेतलं. मी स्टिअरिंगवर बसलेलो, काच खाली होती, म्हणून ऐकू आलं.

"ताई, समदा पाय परत आणा."

बाईंनी तिला खोटा धीर दिला नाही. "समदा न्हाई मिळायचा मामी. एक बोट मी ठिवून घेईन. पाय देते."

मामीनं डोळे पुसले. "बोट घ्या. एक का, दोन घ्या. पर चालता मानूस द्या."

बाईंनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. पू खूप आत, पार टाचेच्या दिशेनं गेला होता. दोन-तीन दिवस मामा वाचतो की नाही सांगता येत नव्हतं. बाई दवाखान्यातून घरी गेल्या नाहीत. एक बोट गेलं. पाय राहिला.

पुढचे कितीतरी आठवडे मामा दवाखान्याच्या मागच्या खोलीत होता. तो तिथला कारभारी झाला. उतारावर खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाची चौकशी करायचा. कुणी लवकर पट्टी बदलून मागायला आलं की कापूस उचलून बघायचा आणि परत पाठवायचा. "आजून तपकिरी हाय. जा घरी. ताईंचा टाइम खाऊ नगं." झोपेत मात्र मेंढरांना हाका मारायचा. जीभ टाळ्याला लावून काढलेला तो आवाज ऐकून पहिल्यांदा कुणीतरी घाबरून बाईंना उठवलं होतं. बाई म्हणाल्या, "मारू द्या हाका. सिरसाळ्याला पोचत असतील."

उन्हाळ्याच्या तोंडावर कळप डोंगराकडे परतला. मामी मेंढरं घेऊन थेट दवाखान्यासमोरच आली. सगळा रस्ता मेंढरांनी भरला. एसटी अडकली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. मामा नव्या जाड तळाच्या चपला घालून उतारावरून खाली आला. स्वतःच्या पायांनी. मामीनं त्याला थांबवलं, रस्त्यातच खाली बसली, त्याचा पाय हातात घेतला आणि साऱ्या बाजारादेखत नाकाला लावला.

"काय येतोय?" उताराच्या वरून बाईंनी विचारलं.

"कायबी न्हाई ताई," मामी म्हणाली. "मानसाचा येतोय."

बाई इतक्या हसल्या की भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष बाईंनी पुष्कळ पाय राखले. काही राखता आले नाहीत. अशा वेळी त्या पेशंटच्या घरी जाऊन बसायच्या, चहा घ्यायच्या. मला कधीकधी वाटतं, त्यांची खरी हुशारी पट्टीत नव्हती, नाकातही नव्हती. कुठलीही गोष्ट एकट्यानं करायची नाही, ती माणसांत वाटून टाकायची, हे त्यांना जमलं होतं. पण हे माझं मत झालं. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, "बॅगवाले, चहा गार व्हायलाय."

गेल्या दसऱ्यानंतर त्यांच्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. भाच्यानं त्यांना ऑपरेशनसाठी संभाजीनगरला न्यायचं ठरवलं. ऑपरेशन झालं, पण बाई त्यातून उठल्या नाहीत. मला सिरसाळ्यात एका दवाखान्याच्या बाकावर बसलेलो असताना कळलं. पाटोद्याच्या त्या जागेत आता एक तरुण डॉक्टर बसतो. चांगला आहे, पट्ट्या नीट वापरतो. त्याच्याकडे मी जातो, पण आत गेल्यावर नमुने टेबलावर ठेवतो आणि लवकर उठतो.

शेवटची भेट झाली ती मांजरसुंब्याला, त्या संभाजीनगरला निघाल्या होत्या तेव्हा. मी ढाब्यावर चहा घेत होतो. भाच्याची गाडी येऊन थांबली आणि पुढच्या सीटवर बाई. वाळल्या होत्या, ओठ निळसर दिसत होते. मला बघून काच खाली केली. "या बॅगवाले. आता मला कुणीतरी पट्टी लावणार."

ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर रांगेनं उभे होते. ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, गाठोडी, कोंबड्यांचे डालगे आणि वर माणसं. एका ट्रॉलीच्या कडेला एक तरुण बाई बसली होती, तिच्या तळहाताला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. बाईंनी ती पाहिली आणि गाडीचं दार उघडलं.

"आत्या, दम लागतोय तुला," भाचा म्हणाला.

"मलाच लागतोय ना? तू बस."

आम्ही ट्रॉलीपाशी गेलो. "ए बाई, हाताला कावून बांधलंय?"

"कोयता लागला ताई. धार लावताना."

माझ्या बॅगेत पट्ट्या होत्याच. बाईंनी बाटलीच्या पाण्यानं जखम धुतली, गळ्याचा काही आजार, पोटात मूल, सगळं विचारून घेतलं, पट्टी बसवली. उरलेल्या पट्ट्या तिच्या ओच्यात घातल्या. रंग समजावला. वास समजावले. मुकादमाला बोलावून सांगितलं, पट्टी लागतीय तोवर हिच्या हातात मोळी द्यायची नाही. आणि तो "हो ताई, हो ताई" म्हणत असताना त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात पुढचे ट्रॅक्टर सुरू झाले. हा पण हलला. कापूस कसा बांधायचा हे सांगायचं राहिलं होतं. बाई फळीला धरून चार पावलं बरोबर चालल्या, मग दम संपला आणि माझ्या खांद्यावर हात टेकून थांबल्या. ट्रॅक्टरवरची गाणी मोठ्यानं लागली, आवाज पोचेना. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला, आपला डावा तळवा वर धरला आणि उजव्या हातानं त्यावर हवेतच पट्टा गुंडाळून दाखवू लागल्या. अंगठ्याखालून, मागून, पुन्हा वरून. ट्रॉलीवरची ती बाई त्यांच्याकडे टक लावून बघत आपल्या हातावर तसंच करत होती. धुळीत ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत दोघींचे हात चालूच होते.